पेंचोचं पत्रक

हे लिहायचंच नाही असं जवळपास ठरवलं होतं. ज्यांची फजिती झाली ती माणसं अजून रोज सकाळी त्याच बेकरीत भेटतात. पण तो स्वेतलिन आता दुसऱ्या गावात दुकान मांडून बसलाय असं कळलं, म्हणून बसलो टाइप करायला.

तर ब्रेस्तोवेन गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये त्या शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर काळ्या मखमलीची पेटी, पेटीवर मेणबत्ती आणि पेटीमागे पांढऱ्या सुटातला स्वेतलिन.

"माणूस म्हणजे काय?" तो डोळे मिटून म्हणाला. "माणूस म्हणजे माहिती! आणि माहिती मरते का? ती वर जाते, वर! आम्ही फक्त तिला खाली बोलावतो. हे यंत्र विद्वानांनी बनवलं, पण त्यात प्राण मी ओतला!"

म्हाताऱ्या बायका छातीवर क्रूसाची खूण करत होत्या. मग पेटी खरखरली.

"स्तोयना... माझे चिमणे..."

स्तोयनाकाकू दर सभेप्रमाणे गुडघ्यावर बसल्या. आवाज मेतोदीकाकांचा होता. तोच घोगरा, तोच शब्दाच्या शेवटी दमणारा. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"त्या सुया टोचून घेऊ नकोस गं. स्वेतलिनने भारलेलं पाणी पी. मी इथे अकॉर्डियन वाजवत आलुबुखारच्या झाडांखाली वाट बघतोय, पण घाई नाही."

हॉलमध्ये हुंदके फुटले. शेवटच्या रांगेत काकूंची मुलगी यानित्सा दात आवळून उभी होती. तिच्या शेजारी तिचा लहानपणापासूनचा मित्र वेलिन.

वेलिनचं बाजारात जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान. विकायचा कमी, बोलायचा जास्त. हा फोन म्हणजे महागडी फरशी, तो लॅपटॉप म्हणजे टोस्टर, एआय म्हणजे न लाजणारा पोपट. गावाला त्याच्या मतांचा वीट आला होता. त्यामुळे तो "काकू, हा पोपट आहे" म्हणाला तेव्हा काकूंनी त्याला झाडलंच.

"तुला आजवर कशात काही चांगलं दिसलंय का रे, मेल्या? माझ्या प्रिंटरलासुद्धा शिव्या घातल्यास."

"तो प्रिंटर शिव्यांच्याच लायकीचा होता, काकू. पण इन्सुलिन बंद करू नका."

"ते म्हणालेत बंद कर. चाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याशी. तू कोण?"

बाहेर आल्यावर यानित्सा म्हणाली, "आईच्या पायाच्या बोटाला वास येतोय. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, बाबांना विचारून सांगते."

वेलिन तिला घरापर्यंत सोडायला गेला. एकच गोष्ट त्याला छळत होती. काका अकॉर्डियन वाजवायचे, आलुबुखारच्या झाडांवर जीव टाकायचे, हे त्या पेटीला कुणी सांगितलं? यानित्सा किल्ली शोधत होती तेवढ्यात त्याची नजर दारावर गेली आणि तो स्वतःवरच हसला.

दारावर काकांचं निधनाचं पत्रक होतं. फोटो, नाव, तारखा आणि खाली: 'अकॉर्डियनचा दर्दी, आलुबुखारच्या बागेचा राजा, स्तोयना त्याची चिमणी.' शेजारच्या दारावर दुसरं. विजेच्या खांबावर चार, बसथांब्यावर डझनभर. माणूस गेला की पत्रक, चाळिसावा दिवस झाला की पत्रक, वर्ष झालं की पुन्हा नवं. ब्रेस्तोवेनमध्ये जिवंत माणसांपेक्षा भिंतीवरची जास्त.

"अगं, त्याला परलोकात जायची गरजच काय?" वेलिन म्हणाला. "तो नुसता आपल्या गल्लीतून चालत गेला!"

"आणि आवाज?"

"पहिल्या सभेला काकूंनी फोन कुठे ठेवला होता?"

यानित्साला आठवलं. दारातली टोपली. 'फोनमुळे लहरी अडतात, लॉक काढून इथे ठेवा.' आणि आईने बाबांचा एकही व्हॉइस मेसेज कधी पुसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वेलिन मळ्यावर एकट्याने राहणाऱ्या डोब्रीआजोबांकडे गेला. संध्याकाळपर्यंत खांबाखांबावर नवं पत्रक लागलं. फोटोच्या जागी साधा क्रूस. 'पेंचो. जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहिली. कुणाला उलट बोलला नाही. मळ्यावर आणि डोब्रीवर माया केली. शोकाकुल: डोब्री.'

अक्षर न् अक्षर खरं होतं. पुढच्या शनिवारी डोब्रीआजोबा काळी टोपी हातात धरून स्टेजपुढे उभे राहिले.

"महाराज, माझा पेंचो बोलेल का हो?"

"प्रेमाने हाक मारा, बोलेल."

पेटी खरखरली. "डोब्री, मित्रा! इथे शांतता आहे. आठवतं, मळ्याच्या बांधावर बसून आपण घरची राकिया दारू प्यायचो?"

"मी प्यायचो. तू बादलीतून पाणी प्यायचास. बरं, शेवटची इच्छा काय तुझी?"

"माझ्या बायकोला सांभाळ. पोरांना सांग, बापाने त्यांच्यावर फार प्रेम केलं."

"पोरं कुठनं आली रे, गाढवा? तुला तर मीच खच्ची करून आणला होता!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, पेंचो म्हणजे ते राखाडी गाढव!" आणि हॉल फुटला. लोक बाकांवर थपडा मारत हसत होते.

स्वेतलिन हलला नाही. "हसा! पण मुक्या प्राण्यालाही आत्मा असतो. तिथे गेल्यावर त्याला वाचा फुटली!"

आणि खरं सांगू? अर्ध्या माना डोलल्या. पहिल्या रांगेतली एक बाई तर म्हणाली, "माझं मांजरही बोलेल का?"

तेव्हा वेलिन स्टेजवर चढला. त्याने स्वतःचा फोन माइकपाशी धरला. हॉलभर स्वेतलिनचाच आवाज घुमला, त्याच मधाळ थाटात: "प्रिय आत्म्यांनो, मी स्वेतलिन. मंगळवारी वारलो. इथे फार उकडतंय. माझं पाणी पिऊ नका, ते नळाचं आहे."

जिवंत स्वेतलिनचं तोंड उघडंच राहिलं.

"हा तुमच्या व्हिडिओतून उचललेला आवाज," वेलिन म्हणाला. "काल जेवता जेवता बनवला. एक प्रोग्रॅम आवाजाची नक्कल करतो, दुसरा वाक्यं जुळवतो. त्याला पत्रक द्या, तो माणूस उभा करतो. गाढवाचं द्या, गाढवालाही बायको देतो. कारण त्याला 'माहीत नाही' म्हणता येत नाही."

डोब्रीआजोबांनी मखमल ओढली. आत एक फोन आणि एक स्पीकर. बाकी काही नाही. लोक आता स्वेतलिनच्या अंगावर धावले. पांढऱ्या सुटाची बाही उसवली, मेणबत्ती त्याच्याच बुटावर पडली. तेवढ्यात स्तोयनाकाकूंची किंकाळी आली.

"बंद करू नका! आज माझा नंबर होता!"

काकू उठायला गेल्या आणि पाय टेकवेना म्हणून पुन्हा बसल्या. कुणीच हसलं नाही.

जिल्ह्याच्या इस्पितळात काकूंच्या पायाची दोन बोटं कापली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर वाचली असती. स्वेतलिनविरुद्ध तक्रार झाली, पण ज्या बाया रडल्या होत्या त्या साक्षीला आल्या नाहीत. लाज वाटली त्यांना.

काकू सुया घेऊ लागल्या. एक दिवस काठी टेकत वेलिनच्या दुकानात आल्या आणि फोन काउंटरवर ठेवला.

"मला माहीत आहे ते नाहीत. मूर्ख नाही मी. पण तुला येतो ना त्यांचा आवाज काढायला? एकदाच. संध्याकाळी जेवताना घर फार गप्प असतं रे."

वेलिनने फोन हातात घेतला. दहा मिनिटांचं काम. यानित्सा दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"नाही, काकू," तो म्हणाला. "आज तुम्ही विचाराल जेवू का, उद्या विचाराल औषध घेऊ का. मेलेला माणूस उत्तर देत नाही. उत्तर आलं तर समजायचं, पडद्यामागे जिवंत कुणीतरी बसलंय आणि त्याला काहीतरी हवंय. मग तो मी असलो तरी."

"दगड आहेस दगड," काकू म्हणाल्या आणि वळून न बघता गेल्या.

यानित्सा तिथेच थांबली. "ती पुन्हा येईल. पाया पडेल तुझ्या."

"पडू दे. शब्द देतो तुला, काकू आहेत तोवर मी काकांचा आवाज काढणार नाही. आणि आजपासून संध्याकाळचं जेवायला तुमच्याकडे येतो. शिव्या घालतील, पण घर गप्प राहणार नाही."