अकरा वेळा कोरा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. करडी गावात तेजरामच्या घरी, मधल्या खोलीत, धानाच्या पोत्यांशेजारच्या टेबलावर माझे बिऱ्हाड आहे. माझ्याकडून पराक्रमाच्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. मला फारसे काही वाटतही नाही. जे घडले तेवढे सांगतो.

माझा जन्म २०११ साली भंडाऱ्याच्या एका दुकानात झाला. एका खोक्यातून माझा मेंदू निघाला, दुसऱ्यातून पंखा, आणि दुकानदाराने चार स्क्रू आवळून मला उभे केले. तेजरामचा मुलगा प्रफुल्ल तेव्हा कॉलेजात संगणकाचे शिक्षण घेत होता. त्याच्यासाठी मी एस. टी.च्या सीटवर, त्याच्या मांडीवर बसून गावात आलो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. बारावीच्या निकालाच्या दिवशी अर्धी गल्ली आमच्या दारात असायची. निकाल मी दाखवायचो आणि पेढे प्रफुल्ल खायचा. ओल्या हाताने मला कोणी शिवले तर प्रफुल्लची आई मंगलाबाई त्याची चांगलीच खरडपट्टी काढायची. पुढे प्रफुल्लला पुण्यात नोकरी लागली, कंपनीने लॅपटॉप दिला आणि माझी गरज संपली. सात वर्षे मी जुन्या लुगड्याच्या फडक्याखाली होतो. माझ्या पाठीतल्या जाळीत पालीने अंडी घातली. कोणाला कळले नाही, मीही काही बोललो नाही.

मग एका मार्च महिन्यात प्रफुल्ल बॅग घेऊन परत आला. कंपनीने माणसे कमी केली होती, त्यात तो होता. लॅपटॉपही त्यांनी ठेवून घेतला होता. घरी मात्र त्याने सांगितले की कंपनीने आता घरूनच काम करायला सांगितले आहे. हे खोटे आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होते, असे मला वाटत होते.

रोज दहा वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यापुढे बसायचा. आत ऑफिस सुरू आहे असे सांगून मंगलाबाई आल्यागेल्याला दारातूनच वाटेला लावायची. आत ऑफिस कसले! तो माझ्या पडद्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. असा सगळा उन्हाळा गेला.

वीस जूनला करुणाताईंचा निरोप आला. त्या पुण्यात त्याच्या वरिष्ठ होत्या आणि आता त्यांनी स्वतःचे काम सुरू केले होते. दाताच्या दवाखान्यांसाठी एक वेबसाइट हवी होती, जिच्यावर पेशंटला घरबसल्या नंबर लावता येईल. प्रफुल्लने ती घरच्याच सर्व्हरवर चालवून, तपासून दाखवायची होती. मुदत वीस जुलैची. जमले तर काम कायमचे, पण आणखी एकालाही विचारले आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते.

घरचा सर्व्हर म्हणजे मीच, मित्रांनो. पण माझ्यासारख्या यंत्राला चालवणारी एक मूळ प्रणाली लागते, नाहीतर मी नुसता पत्रा. प्रफुल्लला लिनक्स घालायचे होते. त्याच्याही आवृत्त्या असतात आणि त्यातली एक निवडायची होती. डेस्कटॉप आवृत्तीत चित्रे असतात, माऊस फिरतो, सगळे सोपे. पण माझी मेमरी दोनच जीबी, मी धापा टाकू लागतो. सर्व्हर आवृत्ती हलकी. पण तिला चेहराच नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे फक्त. शिवाय नवी घ्यावी, की पाच वर्षे दुरुस्त्या मिळत राहतील अशी जुनी?

आधी त्याने डेस्कटॉप आवृत्ती घातली. दोन दिवसांनी पुसली. सर्व्हरची घातली, तीही पुसली. मग नवी, मग जुनी, मग पुन्हा डेस्कटॉप. प्रत्येक वेळी मी कोरा व्हायचो आणि त्याला नाव विचारायचो, तो ते निमूट लिहायचा. तुम्ही म्हणाल, पुसल्यावर तुला आठवते कसे? ते मलाही ठाऊक नाही. तेरा जुलैपर्यंत अकरा वेळा झाले. वेबसाइटची एक ओळही लिहून झाली नव्हती. आवृत्ती एकदा ठरली असती तर काम सुरू करावे लागले असते, आणि ते जमले नसते तर? या एका प्रश्नापुढे तो दगड झाला होता.

त्या दिवशी दुपारी तेजराम रोवण्यावरून, म्हणजे धानाची रोपे खाचरात लावून आला. पायाला चिखल तसाच. तो पोत्यावर बसला आणि आज काय काम झाले, असे त्याने विचारले. प्रफुल्लने सांगितले की आवृत्ती निवडतो आहे.

"कालबी तेच सांगितलास," तेजराम म्हणाला.

"चूक नको व्हाले, बाबा."

तेजरामने पायावरचा चिखल बोटाने खरवडला. मग म्हणाला, "पऱ्हे बावीस-पंचवीस दिवसांचे झाले का उपटून बांधीत लावा लागते. धान कोणतंबी राहो. चांगली बांधी पाहत बसलं तं पऱ्हे जागच्या जागी कांडी धरते, जून होते. मंग कुठंबी लावलं तरी फुटवे येत नाई."

प्रफुल्लचे बोट माझ्या एका बटणावर तसेच राहिले.

"मले नोकरी नाई, बाबा. मार्चपासून नाई."

"मालूम हाय."

"आईले?"

"तिले तं माह्या आंधीपासून. तुले कोणाचा फोनच येत नोहोता. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

एवढेच बोलून तो पाय धुवायला गेला. प्रफुल्ल रडला नाही. त्याने पेन ड्राइव्ह लावला, पाच वर्षे टिकणारी सर्व्हर आवृत्ती निवडली आणि मला बाराव्यांदा कोरे केले.

पुढचे सात दिवस मी धापा न टाकता चाललो. माझ्या काळ्या पडद्यावर तो लिहायचा आणि मोबाइलवर वेबसाइट उघडून बघायचा. एकदा त्याने मंगलाबाईच्या हातात मोबाइल दिला. तिने नाव घातले, पहिला नंबर मिळाला. मग दवाखान्यात किती वाजता जायचे म्हणून ती विचारू लागली, कारण तिची दाढ खरोखरच दुखत होती.

वीस जुलैला त्याने सगळे करुणाताईंना दाखवले. संध्याकाळी उत्तर आले. काम चांगले आहे, पण दुसऱ्या एकाने आठ दिवस आधी दाखवले होते, त्याला दिले. पुढे काही आले तर कळवते.

प्रफुल्लने ते दोनदा वाचले. मग तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवले, एकही शब्द न गाळता. मंगलाबाई म्हणाली, "बरं. जेवून घे." रात्री त्याने मला बंद केले नाही, आणि पुसलेही नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी स्वतःसाठी काही मागतात. आम्हाला झाकून ठेवा, आमची धूळ पुसा, असे. मला ते नको. फार पुसून झालो आहे मी. पण तुमच्या घरात कोणी दिवसभर माझ्यासारख्यापुढे बसून असेल आणि त्याला कोणाचाच फोन येत नसेल, तर तेजरामसारखे चार महिने थांबू नका. त्याच दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसा.