तुफानचा उजवा पाय

सासऱ्यांनी उजवा पाय असा काही दाबला, की गाडी जागच्या जागी थांबायला हवी होती. थांबली नाही, कारण ब्रेक सुनेच्या पायाखाली होता आणि सासऱ्यांच्या पायाखाली नुसतं रबरी पायपुसणं.

"वायपर जोरात कर."

"जोरातच आहे, बाबा."

"आमच्या वेळी लागायचाच नाही. ट्रक असा हाणायचो, की पाऊस मागच्या फळीवर पडायचा. पुढची काच ठणठणीत कोरडी!"

सुनेनं हसू गिळलं आणि पुढच्या टेम्पोपासून आणखी थोडं अंतर सोडलं. आज हसणं परवडणारं नव्हतं. सकाळीच फर्मान निघालं होतं: सासूबाई गावाहून येतायत, त्यांना स्टँडवरून वेळेत आणलंस तर किल्ली तुझी, नाहीतर ती पुन्हा माझ्या उशाखाली. त्या उशीपायी तिला रोज दोन बस बदलून कामावर जावं लागे.

ट्रकवाल्यांत सासऱ्यांचं नाव 'तुफान'. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत त्यांचा डोळा जन्मात लागला नव्हता. एकदा झोपेची गोळी घेऊन बसलो, तर गोळीच रात्रभर जागी राहिली, असं ते स्वतः सांगत.

रेल्वेपुलाखालच्या उतारावर रस्ता संपला आणि पाणी सुरू झालं. सुनेनं गाडी अलीकडे, चढावरच थांबवली.

"थांबलीस का? ती तिकडं वाट बघत असेल."

"मधला पांढरा पट्टा दिसत नाही, बाबा. पाणी किती आहे कोण जाणे."

"अगं, मी एकदा इतक्या पाण्यातून गेलो, की पलीकडं पोचल्यावर बॉनेटमधून तीन मासे काढले. दोन तळले. एक आजारी होता, त्याला सोडून दिला."

"मग घालू का आत? तुम्ही म्हणाल तसं." तिनं गिअरवर हात ठेवला.

सासऱ्यांचा पाय पायपुसण्यात रुतला.

"तशी घाई काय आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "मासेही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

मागून एका जीपवाल्यानं हॉर्नचा सपाटा लावला. "ओ ताई, मैदानात जाऊन शिका!" असं ओरडून तो दोन्ही बाजूंना फवारे उडवत गेला, आणि मध्यावर त्याच्या जीपनं एक उचकी देऊन मान टाकली. थोड्या वेळानं तो हातात बूट घेऊन टपावर बसलेला दिसला.

सासऱ्यांनी काच खाली केली. "भाऊ, काही गावलं का?"

दोघं इतकी हसली, की आतून काचा धुरकटल्या. पुसता पुसता सुनेची नजर घड्याळाकडे गेली. सासूबाईंची गाडी केव्हाच येऊन गेली असणार. किल्ली गेली, तिनं मनाशी म्हटलं, आणि गाडी तरीही जागची हलवली नाही.

पाऊस ओसरला. पट्टा हळूहळू वर आला. मग पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, जीपवाल्याला वळसा घालून ती पलीकडे निघाली आणि पुढं गेल्यावर तिनं ब्रेक हलकेच दाबून सोडला, पुन्हा दाबून सोडला.

"हे काय?"

"ब्रेक वाळवतेय."

"कुणी शिकवलं?"

"आईंनी."

"तिला? तिला सायकल येत नाही!"

"तुमच्या शेजारी बसून बघितलंय म्हणाल्या. पाणी दिसलं की तुम्ही थांबायचात म्हणे. आणि त्यांना भीती वाटू नये म्हणून गोष्टी सांगायचात."

सासरे बाहीनं खिडकीची काच पुसू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

स्टँडवर सासूबाई बाकावर निवांत बसल्या होत्या.

"आई, उशीर झाला."

"होणारच. पाऊस बघितला आणि दुसरा चहा सांगितला."

सासऱ्यांनी बॅग डिकीत ठेवली. पुढचं दार उघडलं, क्षणभर थबकले, ते लावलं आणि मागं सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"आज पाणी किती होतं माहितेय? हत्ती पोहत होता हत्ती!"

"अगंबाई! मग?"

"मग काय, आपल्या सूनबाईनं त्याला..."

वाक्य तिथंच राहिलं. सुनेनं आरशात पाहिलं. सासऱ्यांची मान सासूबाईंच्या खांद्यावर कलली होती, उजवा पाय सैल पसरला होता आणि घोरणं वायपरच्या तालात सुरू झालं होतं.

"आई, हत्तीचं काय झालं?"

"उठले की सांगतील," सासूबाई कुजबुजल्या. "तू घे हळू."