घड्याळजीचे भिंग रुईच्या धुऱ्यावर

मित्रांनो, काळ्या नळीत बसवलेले, बाटलीच्या बुचाएवढे मी एक जुने भिंग आहे. धाड गावच्या बाजारात गुलाम रसूल घड्याळे दुरुस्त करायचे, तेव्हा तीस वर्षे मी त्यांच्या उजव्या डोळ्यावर असे. केसाहून बारीक स्प्रिंग मी त्यांना दोरखंडाएवढी दाखवी. "हे भिंग हाये म्हनून माहा हात चालते," असे ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुलून जाई.

मग मोबाइल आले. घड्याळे येईनाशी झाली. दुकान उठले आणि मी बिस्किटांच्या डब्यात, तुटक्या पट्ट्यांखाली जाऊन पडले. सात वर्षे मला कोणी पुसलेसुद्धा नाही.

यंदा मे महिन्यात त्यांच्या नातीने, सफाने, मला बाहेर काढले. तिला फुलपाखरांचे वेड. ऊन चढायच्या आत आजोबा आणि नात शिवारात फिरायला जात. मी तिला मुंगीच्या मिशा दाखवल्या, बोरीवरच्या इवल्या फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे रचलेले खवले दाखवले. एका सकाळी दोन वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रुईच्या पानाखाली तिला एक कोष लटकलेला दिसला. त्यावर सोनेरी ठिपके होते.

तेवढ्यात धूर आला. वावराचे मालक उकंडराव धुऱ्यावरचे वाळले गवत पेटवत येत होते.

"काका, नका पेटवू! इथं जीव हाये," सफा धावत सुटली.

"काऊन वं? नाही पेटवला तं सारं गवत वावरात घुसते."

सफाने वाद घातला नाही. त्यांना रुईपाशी आणून मला त्यांच्या हातात दिले. "डोळ्याले लावा अन् पाहा."

उकंडराव वाकले. मी सारा जीव ओतला. कोषाच्या पातळ सालीतून मिटलेले नारिंगी पंख दिसत होते.

"सोन्याचे मनी कोनं जडवले वं याले?" ते पुटपुटले. मागे आग सरकतच होती. एकदम भानावर येऊन ते आग आवरायला आणलेले ओले पोते घेऊन धावले. गुलाम रसूलही हिरव्या फांदीने ज्वाळा झोडपू लागले. रुईपासून चार पावलांवर आग विझली.

उरलेले गवत उकंडरावांनी विळ्याने कापले. तिसऱ्या सकाळी कोष फुटला, तेव्हा ते पत्नी तानुबाईंना घेऊन आले होते. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू उघडत गेले. उकंडराव मला डोळ्यावरून काढेचनात.

"साठ वर्सं हाच धुरा पाह्यला म्या," ते म्हणाले, "पन पाह्यला कुठं?"

मित्रांनो, आता मी दोरीला ओवलेले सफाच्या गळ्यात असते. कुठल्याही महागड्या दुर्बिणीचा मला हेवा वाटत नाही. मागणे एवढेच आहे: काडी ओढण्याआधी एकदा गुडघ्यावर बसा आणि पानाची खालची बाजू बघा.