अकरावी खुर्ची

आमच्या गावची जमात, म्हणजे मोहल्ल्यांची गावकी, आहे रत्नागिरीत, पण निर्णय होतात दुबईत, फैजभाईच्या हॉलमध्ये, जुम्म्याच्या नमाजनंतर. नियम असा की घरटी एक माणूस आणि अकरा जमले तरच कोरम. चार महिने दहाच जमत होते. खायचे, ढेकर द्यायचे, "इन्शाल्ला पुढच्या वेळी" म्हणायचे. खलास.

तिकडे वरच्या मोहल्ल्यात माझी धाकटी बहीण अन्वरी सत्तरीत दिवसाला चार हंडे चढवते. जमातीच्या पैशातून मला तिथे नळ हवा होता. समोरच्यांना गावाच्या तोंडाशी कमान.

माझा मुलगा युसुफ चारही महिने अबुधाबीत ड्युटीवर अडकलेला, म्हणून एका जुम्म्याला मीच जाऊन अकराव्या खुर्चीवर बसले.

"शहनाझखाला, तुम्ही?" फैजभाई दचकला.

"नियमात माणूस लिहिलंय ना? मग मी काय बकरी आहे?"

नियम वाचला. पुन्हा वाचला. मग बसू दिलं.

नळाची सहा मतं मी बोटांवर मोजून आले होते. फैजभाईचं भाषण सुरू झालं तेव्हा मी आत बिर्याणी दमाला लावून आले होते. संपलं तोवर त्यातली कोंबडी पुन्हा अंडी घालायला लागली असती. मग मतदान. पाच हात नळाला, सहा कमानीला. सहावा हात अबरारचा. अन्वरीचा पोटचा पोरगा!

"अरे मेल्या, पाणी तुझी आईच भरते ना?"

"खाला, कमानीवर अब्बांचं नाव घालतायत. मी नाही कसं म्हणू?"

संतापाने माझ्या घशाखाली बिर्याणी उतरली नाही. बाकीच्यांच्या उतरली, दोन-दोनदा.

घरी येऊन अन्वरीला फोन लावला. नळाचा ठराव पडला म्हटलं. कमानीवर कुणाचं नाव येणार तेही सांगितलं. तिकडून हुंदका.

"यांचं नाव? खरंच, बुबू? मोठ्या अक्षरात ना?"

"आणि पाणी?"

"पाणी काय, भरतेच आहे मी."

फोन आपटणार होते, पण फोन युसुफच्या पैशाचा.

नात अलिशा कॉलेजात हेच राज्यशास्त्र शिकते. सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसली.

"दादी, यू गेव्ह देम द कोरम! घरी बसली असतीस तर नो मीटिंग, नो कमान."

म्हणजे कमान मीच बांधली! तीन तास पाठ मोडून!

"आता?"

"ठराव पुढच्या मीटिंगला वाचून पक्का करतात. तोवर पैसे हलत नाहीत. त्यालाही अकरा लागतात."

काल फैजभाईचा फोन. एवढा गोड की मोबाईलला मुंग्या लागल्या. "खाला, जुम्म्याला येताय ना? तुमच्याशिवाय कोरम नाही."

"गुडघे धरलेत रे. युसुफलाही ड्युटी आहे."

"कधीपर्यंत?"

"नळ अजेंड्यावर येईपर्यंत."

अन्वरीला कळलं तर शिव्या घालेल. घालू दे. चौथ्या हंड्यापर्यंत दमेल.