पुढचं डावं चाक

रविवारी सकाळी नेव्ह बोरिल आणि माझी मुलगी ब्रायनी गाडी ट्रेलरवर चढवून जुन्या विमानतळावर घेऊन गेले. मी मागे गॅरेज झाडायला थांबलो. कंबर दुखतेय असं मी सांगितलं होतं. कंबर रोजच दुखते, पण खरं कारण वेगळं होतं. ही गाडी मी आणि माझी बायको हिलरी, दोघांनी मिळून बांधायला घेतली होती. हिलरी मागच्या वर्षी गेली. ती नसताना गाडी पहिल्यांदा पळताना मला बघायची नव्हती.

नेव्हला ते कळलं असावं. तो आमच्या गाडी बांधणाऱ्यांच्या क्लबातला, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. ट्रेलरचे पट्टे आवळताना म्हणाला, "थांब तू घरीच, आल्विन. आलास तर दर खड्ड्याला ओरडशील."

"मग खड्डे चुकव."

"डॅड, मी चालवणार आहे, तो नाही," ब्रायनी म्हणाली. हेल्मेट तिने काखेत धरलं होतं. "आधी एक हळू फेरी मारू. मग ब्रेक रुळवू. दुपारी जेवायला येतोच. बटाटे सोलून ठेव."

"आणि रोस्ट जाळू नकोस," नेव्ह म्हणाला. "मागच्या वेळचं मांस मी अजून चावतोय."

ते गेले आणि मी झाडू घेतला.

आमच्या घरी कित्येक वर्षं शनिवार-रविवार म्हणजे गॅरेज. कंपनीकडून गाडी खोक्यांत येते. नळ्यांची चौकट एका खोक्यात, स्टिअरिंग दुसऱ्यात, आणि प्रत्येक चाकाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहिलेलं. आधी कच्ची जोडणी करायची. साधे नट नुसते हाताने फिरवायचे, सगळं जागेवर बसतंय एवढं बघायचं. ते जमलं की एकेक कोपरा सोडवून पक्का करायचा. तेव्हा पिशवीतले नवे नट लावतात. त्यांच्या आत नायलॉनची कडी असते, म्हणून ते हादऱ्याने सुटत नाहीत. ते टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचे. जोर पुरा झाला की पाना टक् करतो. टक् ऐकू आलं की नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाणारी रंगाची रेघ ओढायची. आवळणारा एक आणि रेघ ओढणारा दुसरा, म्हणजे कुणी स्वतःला फसवत नाही. रेघ दिसली की तो नट झाला. त्याला पुन्हा कुणी हात लावत नाही.

क्लबातले बाकीचे पांढरा रंग वापरतात. हिलरी तिचं लाल नेलपॉलिश वापरायची.

कामाच्या टेबलाखाली झाडू घातला तर पुठ्ठ्याच्या मागून एक पिशवी निघाली. बंद होती, फोडलेली नव्हती. वर लिहिलं होतं, पुढचं डावं चाक. आत नवे नट होते, नायलॉनच्या कडीचे.

एखादी पिशवी कंपनी जास्तीची पाठवते, असं पहिल्यांदा मनात आलं. मी ती टेबलावर ठेवली आणि झाडायला लागलो. दोन-तीन हात मारले असतील. मग झाडू हातातून गळाला.

कच्ची जोडणी झाली तेव्हा हिलरी बरीच आजारी होती. हॉस्पिटलमधून आणल्यावर ती घरात न जाता कोट घालूनच गॅरेजमध्ये आली, उपड्या क्रेटवर बसली आणि नेलपॉलिश मागितलं.

मी म्हटलं होतं, "अगं, ही कच्ची आहे. हे सगळं सुटणार आहे."

"मला काय सांगतोस? माहीत आहे मला. पक्की करशील तेव्हा मी नसेन. एक कोपरा तरी माझा असू दे."

मी दिवा धरला. तिने पुढच्या डाव्या चाकाच्या नटांवर रेघा ओढल्या. हात थरथरत होता, पण रेघा ओढल्या.

नंतर हिवाळ्यात ब्रायनी दर शनिवारी लिंकनहून येऊ लागली आणि आम्ही पक्की जोडणी घेतली, रेघांना हिलरीचंच नेलपॉलिश. मागची दोन्ही चाकं झाली, पुढचं उजवं झालं. मग मी तापाने पडलो आणि एक शनिवार-रविवार ती एकटीच गॅरेजमध्ये होती. उठून पाहिलं तर डाव्या चाकावर लाल रेघा होत्या. मला वाटलं, पोरीने साधे नट काढून कोपरा पक्का केला आणि नव्या रेघा ओढल्या. पण ती त्या शनिवारी आली तेव्हाच हिलरीच्या रेघा तिथे होत्या. तिला वाटलं असणार, डॅडने केलं.

तो कोपरा कुणीच केला नव्हता. चाकाला चौकटीशी धरणारा खालचा आर्म हाताने फिरवलेल्या साध्या नटांवर उभा होता.

मी ब्रायनीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. नेव्हला लावला. नेव्ह फोन व्हॅनमध्ये ठेवतो आणि व्हॅनमध्ये नसतो. मी पिशवी खिशात घातली, गॅरेज उघडंच टाकलं आणि माझी रोजची जुनी गाडी काढली.

ब्रेक रुळवायचे म्हणजे काय करतात ते मला ठाऊक होतं. गाडी ताशी साठ मैलांच्या वर न्यायची आणि ब्रेकवर जोरात पाय द्यायचा. चाकं थांबत आली की सोडायचं आणि पुन्हा पळवायची. असं पुष्कळदा करायचं, म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट बसतात. आणि ब्रेक मारला की सगळा जोर पुढच्या चाकांवर येतो, तिथून त्या खालच्या आर्मवर. मी जर एखादा बोल्ट मुद्दाम सोडवायला बसलो असतो तर याहून चांगला उपाय मला सापडला नसता.

गावाबाहेर शेणाची टाकी ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला. रस्ता अरुंद, दोन्हीकडे चर. मी हॉर्न वाजवला. ट्रॅक्टरवाल्याने हात वर करून दाखवला, थांब जरा, जागा आली की देतो. त्याचं बरोबर होतं. मी त्याच्या मागे रांगत राहिलो आणि पोचल्यावर काय करायचं ते ठरवू लागलो. धावपट्टीवर मधोमध उभा राहीन, दोन्ही हात हलवीन, असं मी धरून चाललो होतो. मग लक्षात आलं. बाप समोर उभा राहून हात हलवतोय हे पाहून ती काय करेल? होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबेल.

तिला थांबवायचं होतं, पण ब्रेक न लावता. ते तिला सांगायचं कसं, हे ट्रॅक्टर बाजूला झाला तरी मला सुचलं नव्हतं.

विमानतळ युद्धाच्या काळातला. आता तिथे बार्लीची शेतं आहेत आणि मध्ये काँक्रीटची पट्टी उरली आहे. फाटक पट्टीच्या साधारण मध्यावर येतं. नेव्हची व्हॅन तिथेच होती आणि तो दार उघडं टाकून थर्मासमधला चहा पीत होता.

"आलास ना शेवटी," तो म्हणाला. "मी ब्रायनीला म्हटलंच होतं, म्हाताऱ्याला राहवणार नाही."

"ती कुठे आहे?"

"पश्चिमेच्या टोकाला, वळतेय. का रे?"

"ब्रेक मारले?"

"मारले की. पाच-सहा वेळा. मस्त धरतात." त्याने कप खाली ठेवला. "जरा डावीकडे ओढते म्हणत होती. म्हटलं पॅड बसले की जाईल."

मी खिशातली पिशवी काढून त्याच्या हातात दिली. त्याने नाव वाचलं. पुढे मला काही सांगावं लागलं नाही. तो व्हॅनमधून लाल जाकीट ओढून काढायला लागला.

"ते नको," मी म्हटलं. "ते पाहिलं की ब्रेक मारेल."

"ती तसाही मारणार आहे." त्याने पूर्वेकडे बोट दाखवलं. पट्टीच्या त्या टोकाआधी त्याने नारिंगी शंकू ठेवले होते. "शंकू आले की दाबायचा, असं ठरलंय आमचं."

इंजिनाचा आवाज ऐकू आला. ती निघाली होती.

मी गाडीत बसलो आणि फाटकातून सरळ पट्टीवर घुसलो. डाव्या कडेला राहिलो, तोंड पूर्वेकडे, म्हणजे ती माझ्या उजवीकडून येणार. खिडकी खाली केली आणि पाय दाबला. माझी गाडी म्हातारी आहे, तिला वेग घ्यायला वेळ लागतो. आरशात ब्रायनी मोठी मोठी होत गेली. मग शेजारी आली.

आमच्या या गाडीची पुढची चाकं बाहेर उघडी असतात. तिचं डावं चाक माझ्या खिडकीपासून हातभर लांब होतं. ते सरळ नव्हतं. काँक्रीटचा प्रत्येक सांधा आला की खालून किंचित मागे सरकायचं आणि परत यायचं.

ब्रायनीने माझ्याकडे पाहिलं. हेल्मेटमधून डोळेच दिसत होते आणि ते हसत होते. तिला वाटलं, डॅडला शर्यत लावायची आहे. तिने अंगठा दाखवला आणि वेग वाढवला.

मीही वाढवला. चाकाकडे बोट दाखवावंसं वाटलं, पण दाखवलं नाही. चाक पाहिलं असतं तर तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला असता. मी हात खिडकीबाहेर काढला, पंजा आडवा धरला आणि हळूहळू खाली नेला, वेग कमी कर. पुन्हा तसंच केलं. मग मूठ वळली आणि वर ओढली. हँडब्रेक. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो.

ती बघत होती. तिला कळत नव्हतं. शंकू दिसायला लागले होते. मी पुन्हा मूठ वर ओढली आणि मान हलवली, नाही, नाही. तोंडाने काय ओरडत होतो ते मलाही ऐकू येत नव्हतं.

तिचे डोळे हसायचे थांबले.

शंकू आले आणि गेले. तिने ब्रेक दाबला नाही. इंजिनाचा आवाज उतरला, तिने पाय काढला होता. गाडी मागे पडू लागली तसा मीही मागे पडलो, तिच्या बरोबरीने. गिअर खाली आला, इंजिन गुरगुरलं, अजून एक गिअर खाली आला. पुढे पट्टी संपत होती. तिच्यापुढे फुटलेलं काँक्रीट, त्यापुढे चर. एवढ्या जागेत ती थांबेल असं मला वाटत नव्हतं. पण मी खिडकीबाहेरची मूठ तशीच वर धरून ठेवली. तिने हँडब्रेक ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मागची बाजू थोडी सरकली, तिने ती सावरली. डावं चाक आता उघड तिरकं झालं होतं, खालून फाकलेलं. गाडी डावीकडे, माझ्याकडे येऊ लागली. मी गवतात उतरलो आणि तिला जागा दिली.

ती फुटलेल्या काँक्रीटच्या अलीकडे थांबली.

मी उतरून धावलो. ब्रायनीने इंजिन बंद केलं होतं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"ब्रेकला पाय लावू नकोस," मी म्हटलं.

"डॅड, मी थांबलेय."

"हो. थांबलीस."

"काय झालंय?"

सीटच्या पट्ट्यांचं बक्कल तिला सुटेना. मी वाकून सोडवलं. हेल्मेट काढल्यावर तिचे केस घामाने चिकटलेले होते. ती उतरली, चाकापाशी बसली आणि तिने पाहिलं. एक नट पार पडून गेला होता आणि त्याचा बोल्ट अर्ध्याहून जास्त बाहेर आलेला होता. दुसऱ्यावरचा नट आट्यांच्या टोकाला लटकत होता.

"पण यावर रेघ आहे," ती म्हणाली. "डॅड, हे बघ. रेघ आहे ना."

"ती मम्मीची आहे. कच्च्या जोडणीतली."

तिने बोटाने तो नट फिरवून पाहिला. तो सहज फिरला.

"मला वाटलं तू केलंस," ती म्हणाली.

"आणि मला वाटलं तू."

"मी विचारायला हवं होतं. मी पाहिलं की रेघा वाकड्या आहेत. म्हटलं डॅडचा हात आता असाच चालतो. म्हणून विचारलं नाही."

नेव्ह पट्टीवरून धापा टाकत आला. बोल्टकडे पाहून तो खाली काँक्रीटवर बसला.

"मीच तिला म्हटलं, अजून जोरात दाब," तो म्हणाला. "शेवटच्या दोन वेळा. म्हटलं, लाजतेस काय."

"तुला काय माहीत," ब्रायनी म्हणाली.

"माझ्याकडे जॅक आहे. नवे नट आलेत. इथेच लावून देतो."

"नको," ती म्हणाली. "घरी. आणि चारही कोपरे उघडायचे, डॅड. सगळे. मी स्वतः आवळलेलेसुद्धा."

"उघडू."

"मम्मीचाही."

"तोच आधी," मी म्हटलं.

नेव्ह जाऊन व्हॅन आणि ट्रेलर घेऊन आला. गाडीला तार लावून ती वर ओढायची होती, पण नुसती ओढली की ते चाक आडवं पडत होतं. कुणीतरी ते उभं धरायला हवं होतं. मी बोल्ट हातोडीच्या दांड्याने आत ठोकला, वाकलो आणि दोन्ही हातांनी टायर धरला. ब्रायनी स्टिअरिंगवर बसली. नेव्हने तार गुंडाळायचं हँडल फिरवायला घेतलं.

"हळू," मी म्हटलं.

"यापेक्षा हळू गेलो तर सोमवार उजाडेल," नेव्ह म्हणाला. पण त्याने आणखी हळू केलं.

गाडी इंच-इंच चढत होती आणि मी तिच्याबरोबर वाकलेलाच सरकत होतो. बोल्ट पुन्हा बाहेर येतोय का, याशिवाय मला काही दिसत नव्हतं. ब्रायनी वरून चाकाकडे बघत होती, पुढे नाही.

"डॅड, बोटं सांभाळ."

"तू स्टिअरिंग सरळ धर."

"सरळच आहे."

चाकं फळीवर पोचली. नेव्हने पट्टा टायरवरून घेतला, आवळला आणि थोपटला.

"सोड आता," तो मला म्हणाला. "बसला."

मी सोडलं नाही. "अजून एकदा आवळ," मी म्हटलं. "मी बघतो."