सुगंधाच्या पोटातला श्वास

बासष्ट सालची गोष्ट. वालावल गावातल्या एका अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खाडीपलीकडूनही माणसं होडीनं आली होती. मधोमध चटईवर बावीस वर्षांची सुगंधा निजली होती, आणि भिकाजी भगत तिच्या बेंबीच्या जरा वर बांबूची नळी टेकवून एकेकाला कान लावायला बोलवत होता.

"आयकलास मा? देवचार श्वास घेता. ह्या भुतान हिच्या पोटात बिऱ्हाड केल्यान. भाडा नाय, पागडी नाय."

लोक हसत, पण कान लावला की हसू मावळे. आत खरंच फूस… फूस… वाजत होतं.

सुगंधाचं डोकं महिनाभर ठणकत होतं. नाकातून रक्त येई, डोळ्यांपुढे अंधारी येई. परवा तर फेफरं आलं. ते सगळं तिनं सोसलं. पण आज आईनं, हौसाबाईनं, नळीला कान लावला आणि ती झटकन मागं सरकली. आईच आपल्याला भिते, हे मात्र सुगंधाला सोसवेना.

"विळो तापवा," भगत म्हणाला. "आवाजाच्या जाग्यार डाग दिलो काय पळतलो."

चुलीत विळा लाल होऊ लागला. तेवढ्यात सुगंधाचा भाऊ सत्यवान कुडाळहून डॉक्टर नाबरांना घेऊन आला. त्यांनी सुगंधाच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला.

"आवाज आसा," ते म्हणाले.

भगत फुलला. "मी काय सांगलंय?"

"मग त्याका जरा गप रव म्हणान सांग. तुझा आयकता मा?"

भगतानं दटावलं, अंगारा फुंकला, शेवटी शिव्या घातल्या. नळीत फूस… फूस… चालूच.

"देवचार बहिरो दिसता," गर्दीतून कोणी तरी म्हणालं.

डॉक्टर हौसाबाईकडे वळले. "आये, लेकीची नाडी धर. आता कान लाव."

ती जागची हलेना. सुगंधानं आपलं मनगट तिच्यापुढे केलं. अखेर हौसाबाई ते धरून वाकली.

"नाडीबरोबर वाजता," ती हळूच म्हणाली.

"ता रक्त आसा. माडांच्या पाटात दगड अडकलो काय पाणी कसा आवाज करीत जाता? तशी हिच्या मूत्रपिंडाची शीर अरुंद झाली आसा. मूत्रपिंडाक रक्त कमी पडता, म्हणान ता सगळ्या अंगाचो दाब वाढवता. डोक्या दुखता ता त्याच दाबान. डाग देवन शीर रुंद होवची नाय."

"बरी होतली?"

"मुंबयक शिरेत औषध सोडून फोटो काढतले, मगे ऑपरेशन. खात्री माका देवक येवची नाय. पण हय रवली तर…"

हौसाबाईनं चुलीतला विळा ओढून पाण्यात टाकला.

भीत भीतच मायलेकी वेंगुर्ल्याहून मुंबईच्या बोटीत चढल्या. ऑपरेशन झालं. दाब उतरला, पुरता नाही, गोळ्या चालूच राहिल्या. पण सुगंधा जगली.

भगतानं ऐकवलेला आवाज खोटा नव्हता, म्हणूनच भली भली माणसं फसली. खोटं होतं ते त्यानं सांगितलेलं कारण. भीती कुणाला चुकली आहे? पण घाबरलात तरी कारण विचारा, ते तपासून पाहा. आणि जो न तपासताच विळा तापवतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.