बॅटऱ्यांचा चातुर्मास

शेडचं कुलूप काढताना सुकदेवची किल्ली तीनदा चुकली, आणि ती काही आजारपणाच्या अशक्तपणानं नव्हे. भीतीनं! हजिऱ्याच्या एका कंपनीच्या गोल्फ मैदानावर साहेब लोकांना फिरवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या त्याच्या ताब्यात. पावसाळाभर मैदान बंद, गाड्या शेडमध्ये. महिन्या-दीड महिन्यानं बॅटऱ्या चार्ज करायच्या, पाणी बघायचं आणि वायरी सोडून ठेवायच्या, एवढंच काम. वायर जोडलेली राहिली तर गाडी उभ्या उभ्या बॅटरी पिऊन टाकते. तशीच रिकामी पडली, की ती कायमची गेलीच म्हणून समजा.

श्रावणात चार्जिंग झालं, पाणी भरलं, आणि वायरींचं काम या पठ्ठ्यानं उद्यावर ढकललं. दुसऱ्या दिवशी गडी तापानं फणफणलेला! शहरात प्लेग येऊन गेल्यानंतरचं वर्ष, ताप म्हटला की तो राहायचा त्या बमरोलीच्या चाळीत शेजारीपाजारी दारं लावून घ्यायचे. निघाला टायफॉइड. वायरी आठवल्या तेव्हा दसरा तोंडावर आलेला. सांगणार कुणाला? बॅटऱ्या गेल्या तर तूही गेलास, असं मॅनेजरनं आधीच बजावलं होतं.

पोराच्या आजारपणात गावाहून आलेला म्हातारा बाप, चिंधा, आजही काळजीनं मागोमाग आला होता.

सुकदेवनं पहिल्या गाडीची सीट उचलली. वायर सुटलेली! दुसरीचीही, तिसरीचीही. मीटर लावला, तर काटा झक्क वर. तो तिथंच फरशीवर बसला.

"सोमा, कुणी सोडल्या रे या?"

वॉचमन सोमा हसला. "तुझ्या वडिलांनीच की! पोळ्याला हळदकुंकू घेऊन आले, बैल गावाकडे राहिले म्हणून हळहळत होते. मीच शेड उघडून तू सोडतोस त्या वायरी दाखवल्या, पाना दिला."

चिंधाचा चेहरा उतरला. "चुकनं का रे मन्हं? पोयाना दिन खांदावर जू ठेवतस का कोनी? त्या बॅटऱ्या बी गाडाच ओढतस ना!"

एखादी ठिणगी उडून म्हातारा भाजला असता, या विचारानं सुकदेवला दरदरून घाम फुटला. ओरडावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि रडूच आलं.

"काहीच नही चुकनं, आबा," तो बापाचे पाय धरून म्हणाला. "मन्ही नोकरी वाचाडी तुम्ही."

म्हाताऱ्याला काही उमगलं नाही. त्यानं आपला पोराच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.